मॅजेस्टिकपर्यंतचा वाद

अण्णा, आधी एक सांगून टाकते. मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण आपल्या वर्गाचा नियम तसा नव्हता. एकानं मांडायचं आणि दुसऱ्यानं विरोध करायचा, मनातून पटलेलं असलं तरी. रेवती मॅडमनी तो नियम आपण दोघंच उरल्यावर घालून दिला, कारण वर्गात दोनच माणसं आणि दोघांचं एकमत झालं तर तास दहा मिनिटांत संपेल असं त्या म्हणायच्या. तुम्ही तुमचं मांडून मोकळे झालात. आता विरोध करायची पाळी माझी, आणि ऐकायला तुम्ही नाही.

आज रविवार. संध्याकाळपर्यंत मॅडमना कळवायचं आहे. दोन विद्यार्थी असतील तरच कथासाहित्याचा पेपर चालतो, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत होतं. तुम्ही गेलात आणि मी एकटी उरले. मॅडमनी वर जाऊन भांडून एवढं पदरात पाडून घेतलंय की मंगळवारचं शेवटचं सादरीकरण मी एकटीनं केलं, तरी पेपर पूर्ण झाला असं धरतील. ते जमणार नसेल तर व्यावसायिक जर्मनच्या भरगच्च वर्गात जायचं आणि ऑफिसच्या ईमेल कशा लिहायच्या ते शिकायचं. ते मी व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसून रोज करतेच. किंवा सगळंच सोडायचं. के. आर. पुरमच्या या खोलीत सकाळपासून फोन पालथा घालून बसले आहे, आणि मंगळवारी जावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

याला कारण तुम्ही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काल बनशंकरीला तुमच्या घरी गेले होते. तुमच्या बायकोनं, सुमतीअक्कांनी, मला जे विचारलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्यानं काही ठरवणं होणार नाही. पण ते एकदम सांगवत नाही, म्हणून थोडं मागून येते.

जर्मनच्या एम. ए.ला पहिल्या दिवशी आपण पाच जण होतो. त्यातली नर्स असलेली मुलगी जर्मनीत नोकरी लागून गेली. इथे बोलायला शिकवत नाहीत, गोष्टी आणि कविता वाचायला लावतात, असं कळल्यावर दोन मुलं दिवाळीनंतर दिसलीच नाहीत. मी नागपूरची, दिवसभर जर्मन क्लायंटशी बोलून कंटाळलेली, आणि या भाषेत माणसं कामाव्यतिरिक्त काय बोलतात हे बघायला आलेली. तुम्ही निपाणीकडच्या घराण्यातले, दोन पिढ्या बंगळुरात मुरलेले, कारखान्यातून निवृत्त झालेले. मी पहिल्यांदा तुम्हाला विचारलं, "तुम्ही इथे काय करून राहिले?" तुम्ही ते वाक्य पुढं वर्षभर माझ्यावर वापरलंत. मी उशिरा आले की दारातच, काय करून राहिली होतीस, मृणाल? मॅडम कानडी, त्यांना यातलं विनोदाचं काही कळायचं नाही, पण तुम्ही हसताय म्हणून त्याही हसायच्या.

तुमच्यासारखं जर्मन मी अजून कुणाकडे ऐकलं नाही. कारखान्यात तिकडची यंत्रं यायची, ती बसवायला तिकडचे फिटर यायचे. त्यांच्याकडून आणि यंत्रांबरोबर आलेल्या माहितीपुस्तकांतून तुम्ही ती भाषा उचललेली. त्यामुळे तुमच्या तोंडी नुसते हुकूम. मुख्य स्विच बंद करा. हात आत घालू नका. वर्गात पहिली प्रेमकविता वाचलीत, तर कवी लेथ मशीनशी बोलतोय असं वाटलं. मॅडमनी पुस्तक तोंडावर धरलं. तुम्ही मात्र वाचून झाल्यावर गंभीरपणे विचारलंत, यात धोक्याची सूचना कुठं आहे? तेव्हा मी पोट धरून हसले. नंतर लक्षात आलं की तुम्ही प्रत्येक लिखाणात तेच शोधत होता, आणि बहुतेक वेळा ती ओळ तुम्हाला माझ्याआधी सापडायची. एवढं सावकाश वाचायला मला तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, आता मानते. राग जरा बाजूला ठेवून मानते.

आणि ते 'डू', म्हणजे आपलं तू. जर्मन लोकांत परक्याला अहो म्हणतात, आणि मग कधीतरी दोघांतला वयानं मोठा माणूस धाकट्याला म्हणतो की आता आपण एकमेकांना अरे-तुरे करू. मॅडमनी ही रीत सांगितली आणि पुढच्याच आठवड्यात कँटीनमध्ये दोन कॉफी मागवून तुम्ही उभं राहून मला रीतसर 'डू' देऊ केलंत. वडिलांपेक्षा मोठा माणूस समोर उभा. नाही म्हणणं उद्धटपणा, हो म्हणणं त्याहून मोठा. मी हो म्हटलं. पण वर्गात प्रत्येक 'डू'च्या पाठोपाठ माझ्या तोंडून 'अण्णा' निघायचं, आणि मान आपोआप खाली जायची. मॅडम म्हणाल्या, या मुलीचं 'डू'सुद्धा वाकून नमस्कार करतं. तुम्ही म्हणालात, असू दे मॅडम, स्वल्प वाकलं तर वाकू दे. वर्गाबाहेर पडल्यावर मी लगेच मराठीत शिरायचे आणि सुटल्यासारखं वाटायचं.

मग ती गोष्ट आली. तुम्हाला तोंडपाठ आहे, पण मला एकदा सगळी सांगू द्या. लढाईवरून परत आलेला एक तरुण. त्याचा सोबती तिकडेच मेला आहे आणि ते फक्त यालाच माहीत. सोबत्याची म्हातारी आई गावात एकटी राहते. हा दर रविवारी तिच्याकडे कॉफीला जातो. ती विचारते, माझा कधी येईल? हा सांगतो, गाड्या फार उशिरा धावताहेत. असं वर्षभर चालतं आणि म्हातारी मरते. सगळी गोष्ट एवढीच. फक्त लेखकानं एक बारीक तपशील ठेवलाय. रोज मुलाची वाट बघणारी ती बाई टेबलावर पहिल्या रविवारपासून दोनच कप मांडते. तिसरा कप कधीच नसतो.

तुम्ही म्हणालात, तिला माहीत होतं. तो तिच्यासाठी गप्प, ती त्याच्यासाठी गप्प, आणि दोघांनी मिळून ते वर्ष गोड करून घेतलं. मी म्हटलं, काहीतरीच. गरीब बाई आहे, घरात दोनच कप असतील. आणि तिला माहीत नसेल तर त्या माणसानं तिच्यावर अन्याय केलाय. रडायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं होतं, यानं परस्पर ठरवून टाकलं. आठवतं ना, मी हे किती जोरात म्हटलं होतं? बाहेरून शिपाई डोकावून गेला.

वाद मिटावा म्हणून मॅडमनी सुचवलं की जर्मन घरातली रविवारची कॉफी काय असते ते एकदा करून बघा. ठरलेली वेळ, टेबलावर कापड, गोड काहीतरी आणि शांतपणे बसून बोलणं. तुम्ही ते हुकमासारखं घेतलंत. मला चार वाजताची वेळ दिलीत, मी ट्रॅफिकमध्ये अडकून साडेचारला पोचले, आणि तुम्ही दारात घड्याळ दाखवून उभे. अक्का आतून म्हणाल्या, कॉफीला माणूस बोलवायचं तर त्याला वेळ कशाला द्यायची, येईल तेव्हा येईल की. बेकरीतलं खोबऱ्याच्या सारणाचं दिलपसंद आणलं होतंत, त्याचे तुम्ही केकसारखे त्रिकोणी तुकडे केलेत. अक्कांनी दोन कप ठेवले आणि स्वतः स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यातून कॉफी घेतली. मी बोलावलं तर म्हणाल्या, तुम्हा दोघांच्या जर्मनीत मी कशाला? तुमच्या कपाटात कपांची रांग लागली होती. मी ती दाखवून म्हटलं, बघा, भरपूर कप असूनही दोनच मांडले, म्हणजे कपांवरून काहीच सिद्ध होत नाही. तुम्ही म्हणालात, मान्य, हा मुद्दा बाद. तुम्ही मुद्दा सोडलात अशी ती एकच वेळ. अक्का आतून सगळं ऐकत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

वाद मात्र सुटला नाही. तो रोज तास संपल्यावर मेट्रोत चालू व्हायचा. मॅजेस्टिक आलं की तुम्ही हिरव्या लाइनसाठी उतरायचात आणि मी पुढे के. आर. पुरमकडे. त्यामुळे आपला वाद मॅजेस्टिकपर्यंतच. दार उघडेपर्यंत शेवटचं वाक्य कोण टाकतो याची आपली चढाओढ असायची. बहुतेकदा तुम्ही टाकायचात, कारण उतरणारा तुम्ही असायचात. मग मी पुढची सगळी स्टेशनं एकटी तुम्हाला उत्तर देत जायचे. या शहरात इतकी वर्षं राहून माझ्याशी एवढं भांडणारं दुसरं कुणी नव्हतं, अण्णा. ऑफिसात सगळे गोड बोलतात.

याच मेट्रोत मी ते बोलले. जानेवारी असेल. ऑफिसात नव्या प्रोजेक्टचं ओझं होतं, घरून आई रोज विचारत होती की या एम. ए.चा उपयोग काय, आणि वर्गात तुम्ही लागोपाठ दोनदा आला नव्हता. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही असे दांड्या मारायला लागलात तर पेपर बंद होईल आणि मग मी सरळ सोडून देईन, मला तर निमित्तच हवंय. हे मी चेष्टेत म्हटलं का खरं म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही जरा थांबून म्हणालात, "आहोत की अजून दोघं." त्यानंतर तुमची एकही दांडी झाली नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरोबर टोचलं.

त्यानंतरच तुम्ही मॅडमना सांगून वर्ग खालच्या मजल्यावर आणवलात. गुडघा म्हणालात. मॅजेस्टिकला सरकता जिना सोडून लिफ्ट शोधायला लागलात. गुडघा म्हणालात. डबा उघडून दहीभाताचे दोन घास खायचे आणि झाकण लावायचं, त्यालाही गुडघाच कारण असेल असं मी हसत म्हटलं, आणि तुम्हीही हसलात. वाचताना मधेच थांबायचात. मला वाटायचं, ती धोक्याची ओळ सापडली असेल. आता एकेक आठवतं. एवढं सावकाश वाचायला शिकलेली मी, आणि समोरच्या माणसाकडे माझं लक्ष नव्हतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. सकाळी कुंड्यांना पाणी घालताना पडलात, एवढंच त्या बोलू शकल्या. शेजारची मुलगी मेकअप करत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून बसले आणि ऑफिसात जाऊन मीटिंगही केली. जर्मन क्लायंटनं विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, ठीक. ही दुसऱ्या कुणाची तरी बातमी आहे आणि चुकून माझ्याकडे आली आहे, असं दुपारपर्यंत वाटत होतं. मग कँटीनमध्ये कुणीतरी दहीभात घेऊन समोर बसलं आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

कालचं आता सांगते.

तुमच्या घरी तेराव्यानंतरची सामसूम होती. मुलगा आणि सून बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत होते. अक्कांनी मला बघितलं आणि आत यायची खूण केली. स्वयंपाकघरात बसायला पाटही दिला नाही. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं.

"डॉक्टरनी ह्यांना ऑपरेशन सांगितलं होतं, हार्टच्या वॉल्व्हचं. तुला ठाऊक होतं काय?"

मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, खरं सांग. मी म्हटलं, अक्का, मला गुडघा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. परीक्षेत एवढं कुणी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फेब्रुवारीची तारीख मिळाली होती. तुम्ही डॉक्टरना जाऊन सांगितलंत की आत्ता नको, सेमिस्टर संपलं की करू. डॉक्टर रागावले, तर त्यांना म्हणालात की मी दोन महिने घरी बसलो तर पेपर बंद पडेल आणि ती पोरगी शिक्षण सोडून देईल. हे अक्का मला शब्दाला शब्द लावून सांगत होत्या. मी ओट्यावरच्या बरण्यांकडे बघत होते. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, असं क्षणभर मनात आलं. पण मी वांगं नव्हते. ज्याच्यापायी हे झालं तीच मी होते.

तुम्ही कोण लागून गेलात, अण्णा? माझ्या वतीनं ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला विचारलं असतंत तर मी स्वतः तुम्हाला ऑटोत घालून हॉस्पिटलात नेलं असतं आणि पेपर गेला खड्ड्यात असं म्हटलं असतं. वर्षभर मी घसा फोडून दुसरं काय सांगत होते? न सांगणारा माणूस दुसऱ्याचा हक्क काढून घेतो. तुम्ही मान हलवून ऐकायचात आणि त्या वेळी खिशात ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेले असायचात. वाद जिंकायचा हा कसला प्रकार? आणि तुम्ही जिंकलाही नाहीत. बघा, मी किती बरोबर होते ते. एवढं बरोबर असायची मला काही हौस नव्हती.

मी अक्कांना सांगायला तोंड उघडलं की मी सोडतेय, मंगळवारी जाणार नाही, मला तो पेपर नको. त्याच्याआधी त्या म्हणाल्या,

"मला ठाऊक होतं."

त्या खाली बघून पदराचं टोक घडी घालत होत्या. यांना तारीख पुढं ढकलू देऊ नका, असं सांगायला डॉक्टरांनी तेव्हाच घरी फोन केला होता, तो त्यांनीच उचलला. तुम्ही बाहेर गेला होता. त्यांनी तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. तुम्ही लपवत होता आणि त्या बघत होत्या. जेवणात मीठ कमी केलं, तर तुम्ही म्हणालात आज आमटी छान झाली. जिना चढताना तुम्ही थांबलात की त्याही काहीतरी शोधायच्या निमित्तानं खाली थांबायच्या.

"विचारलं असतं तर गेले असते हॉस्पिटलात. माझं ऐकायचे," अक्का म्हणाल्या. "खरं, क्लासहून आले की जेवताना किती बोलायचे. कारखाना सुटल्यापासून एवढं बोललेले नव्हते. ते बंद करायला माझं मन झालं नाही. म्हटलं, होऊ दे परीक्षा."

मी त्यांचा हात धरावा असं मला वाटलं, पण त्यांनी तो धरू दिला नसता. बाहेर सून कुणालातरी कॉफी विचारत होती. अक्का एकदम चिडून बोलायला लागल्या, माझ्यावर का तुमच्यावर का स्वतःवर ते कळेना. म्हणाल्या, तुमचं ते म्हातारीचं भांडण मी रोज ऐकलंय. हे येऊन सांगायचे, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. आज मृणाल असं म्हणाली, मग मी असं म्हणालो.

"त्या म्हातारीला ठाऊक होतं. आईला ठाऊक नसेल होय? त्यात तुमचा काय वाद? खरं, ठाऊक असून गप्प बसली ते चांगलं केलं असं हे म्हणायचे, ते चूक. साफ चूक. तिनं विचारायला पाहिजे होतं. त्या पोराला पुढ्यात बसवून विचारायला पाहिजे होतं."

अण्णा, आपण दोघांनी वर्षभर त्या पोराचाच विचार केला. त्यानं सांगायला हवं होतं की नको, यावर मी एवढी पानं लिहिली, मॅडमनी त्यावर लाल पेनानं एवढं लिहिलं. म्हातारीनं विचारायला हवं होतं, हे आपल्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. आपण तिला कप मांडायला बसवलं आणि विसरलो. अक्कांना ते जेवताना ऐकून सुचलं, आणि सुचूनही त्यांना ते करता आलं नाही. मला वाटतं त्या हे वाक्य बरेच दिवस मनात धरून होत्या. ते ऐकायला घरात कुणी नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, मंगळवारी जाणार हैस की नाही? मी म्हटलं, माहीत नाही अक्का. त्या दारापर्यंत आल्या. मी चपला घातल्या. मग म्हणाल्या,

"जा. आणि त्यांच्या विरोधात बोल. चांगलं कडक बोल. ह्या घरात त्यांना उलट कुणी बोललं नाही कधी. तू बोलायचीस, म्हणून तर तिकडं पळायचे."

मी सरी म्हटलं. मराठी माणसाला कानडीत हो म्हणायची सवय मला तुमच्या घरानंच लावली.

हे सगळं लिहिता लिहिता ऊन खिडकीतून गेलं. फोन सरळ केला आणि मॅडमना कळवलं की मंगळवारी येते. त्यांनी विचारलं, मांडणी तीच ठेवतेस ना? मी म्हटलं, नाही, पूर्ण बदलतेय. दोन दिवसांत पूर्ण बदलणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत आहे. मग म्हणाल्या, विरोधक म्हणून मी बसेन, आणि मी अण्णांसारखी सोडणार नाही. मी म्हटलं, ते तरी कुठे सोडायचे. नव्या मुद्द्याखाली तळटीप देऊन अक्कांचं नाव घालणार आहे. मॅडम विचारतील, या कुठल्या समीक्षक? सांगेन, बनशंकरीच्या.

भीती वाटतेय. मांडताना आवाज फुटेल, जर्मन शब्द ऐनवेळी पळून जातील. तुमच्या विरोधात बोलायचं आणि तुम्ही उठून उत्तर द्यायचं नाही, हे मला अजून झेपत नाही. पण बोलणार आहे. तुम्हाला एका अक्षराचीही सूट देणार नाही.

एक मात्र त्या सादरीकरणात येणार नाही, ते इथेच सांगते. आपल्या शेवटच्या दिवशी मेट्रोत गर्दी होती. मॅजेस्टिक आलं, तुम्ही उठलात आणि दाराशी खांबाला धरून थांबलात. मागची माणसं ढकलत होती. तुमच्या कपाळावर घाम होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, शेवटचं वाक्य जुळवताय. मी हसत वाट बघत राहिले, म्हटलं, टाका आता काय ते. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं हसलात आणि उतरलात. दार बंद झालं. पहिल्यांदाच शेवटचं वाक्य माझं झालं, म्हणून मी पुढच्या स्टेशनापर्यंत खूश होते. मी सीटवरून उठायला हवं होतं. तुमच्याबरोबर खाली उतरायला हवं होतं आणि त्या गर्दीत तुमचा हात धरून विचारायला हवं होतं. आता विचारते.

अण्णा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?